माग आणि चौकट : अमूर्त चित्र व हातविणीचे वस्त्र यांच्या सहप्रदर्शनाविषयी

१

अमूर्त चित्रे आणि हातमागावर विणलेली वस्त्रे एकाच दालनात शेजारशेजारच्या भिंतींवर मांडली, की पाहणाऱ्याच्या मनात प्रथम साम्याची जाणीव उमटते. दोन्हींत आडव्या-उभ्या रेषांची रचना असते, रंगांचे चौकोन असतात. वस्तुजगातील पदार्थांचे प्रतिरूप दोन्हींत नसते. या साम्याच्या आधारे पुढे असा निष्कर्ष काढला जातो की विणकाम हेही चित्रकलेच्याच तोलाचे आहे आणि आजवर त्याला 'कारागिरी' म्हणून दिला गेलेला गौण दर्जा अन्याय्य होता. हा निष्कर्ष मान्य व्हावा असाच आहे. प्रश्न त्याच्या आधाराचा आहे. वस्त्र हे चित्रासारखे दिसते म्हणून ते कलाकृती, असे आपण म्हणतो तेव्हा कलात्वाचे माप चित्राच्याच हाती ठेवलेले असते. वस्त्राला प्रवेश मिळतो, पण तो चित्र म्हणून मिळतो.

गेल्या काही वर्षांत अशी प्रदर्शने वाढली आहेत. लिन कुक यांनी योजलेले 'वोव्हन हिस्टरीज' हे प्रदर्शन २०२३मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झाले आणि वॉशिंग्टन, ओटावा असा प्रवास करीत २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पोहोचले. आधुनिक अमूर्ततेचा इतिहास वस्त्रकलेला वगळून सांगता येत नाही, ही त्यामागील भूमिका होती. प्रस्तुत लेखात मात्र याहून लहान आणि म्हणून अधिक नेमका प्रसंग विचारात घेतला आहे. पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात १० सप्टेंबर २०२१ ते ९ जानेवारी २०२२ या काळात योसेफ आणि अॅनी आल्बर्स यांचे संयुक्त प्रदर्शन भरले होते. एक चित्रकार, एक विणकर. दोघेही एकाच संस्थेत घडलेले, १९२५पासून पती-पत्नी. साडेतीनशेहून अधिक कलाकृतींची ही मांडणी उपरोक्त प्रश्नाची कसोटी पाहण्यास योग्य आहे.

साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालण्याचे एक कारण आहे. कवितेची 'वीण', कादंबरीचा 'पोत', कथानकाचे 'ताणेबाणे' हे शब्द आपण रोज वापरतो. 'टेक्स्ट' या शब्दाचे मूळ विणणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, हे आता सर्वश्रुत आहे. आपल्याकडील 'सूत्र' म्हणजे दोरा, 'ग्रंथ' म्हणजे गाठ मारून बांधलेले. आणि ज्या 'तंत्र' या शब्दाने आपण आज कोणत्याही कलेची कार्यपद्धती निर्देशित करतो, त्याचा संस्कृतातील एक जुना अर्थ माग, मागावर ताणलेला ताणा, असाच आहे. समीक्षेची परिभाषा मागावरून आलेली असताना माग प्रत्यक्षात काय करतो, हे आपण क्वचितच विचारतो.

२

अॅनी आल्बर्स (१८९९–१९९४) यांनी १९२२मध्ये वायमार येथील बाउहाउस या संस्थेत प्रवेश घेतला. स्त्रियांना तत्त्वतः सर्व कार्यशाळा खुल्या होत्या. व्यवहारात त्यांना बहुधा विणकामाकडे वळवले जाई. अॅनी यांनाही ती वाट मनापासून निवडावीशी वाटली नव्हती. योसेफ (१८८८–१९७६) आधी काचेच्या कामात आणि पुढे अध्यापनात स्थिरावले. अॅनी १९३०मध्ये पदविका मिळवून १९३१मध्ये विणकाम कार्यशाळेच्या प्रमुख झाल्या. १९३३मध्ये नाझींच्या दडपणाखाली संस्था बंद पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघेही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये शिकवू लागले. १९४९मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अॅनी यांच्या वस्त्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. वस्त्रकलावंताला तेथे मिळालेला हा असा पहिलाच मान होता. योसेफ यांची 'होमेज टू द स्क्वेअर' ही चित्रमाला १९५०पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिली आणि तिच्यातील चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली.

पॅरिसच्या प्रदर्शनाने या दोन वाटचाली कालक्रमाने आणि समान अवकाश देऊन मांडल्या, दोघांच्या अध्यापनाला स्वतंत्र विभाग दिला आणि न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयाने १९६५मध्ये अॅनी यांच्याकडे सोपवलेल्या कामातून सिद्ध झालेली 'सिक्स प्रेअर्स' ही षट्पदरी कृती उसनी आणून दाखवली. 'चित्रकाराची पत्नी' ही अॅनी यांची जुनी ओळख येथे पूर्णपणे मागे पडली. या यशाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तथापि समानतेची ही मांडणी कोणत्या अटींवर झाली? अखेरचे दालन अॅनी यांच्या मुद्राचित्रांचे होते. १९६३मध्ये त्या योसेफ यांच्याबरोबर लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड शिळामुद्रण कार्यशाळेत गेल्या असता या माध्यमाशी त्यांचा संबंध आला, आणि पुढील काही वर्षांत त्यांनी माग कायमचा सोडला. धाग्यात केलेल्या कामाला लोक हस्तकला म्हणतात आणि कागदावर केलेल्या कामाला कला, असे निरीक्षण त्यांनीच उत्तरायुष्यात नोंदवले आहे. म्हणजे प्रदर्शनाचा क्रम ज्या बिंदूवर संपतो, तेथे विणकर चित्रकाराच्या जवळ आलेली दिसते. चरित्राच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे. परंतु त्यातून नकळत एक कथानकही तयार होते. धाग्यापासून प्रतिमेकडे झालेला प्रवास ही प्रगती आहे, असे ते कथानक सुचवते. अॅनी यांच्या निरीक्षणातील उपरोध त्यात हरवतो.

३

येथे अमूर्त चित्रकलेच्या एका जुन्या भयाची आठवण करून देणे आवश्यक आहे. कांडिन्स्की यांनी १९११च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या ग्रंथात असा इशारा दिला होता की निसर्गाशी असलेला संबंध अकाली तोडून चित्रकार केवळ रंग आणि आकार यांच्या मागे लागले, तर त्यांच्या कृती गळपट्ट्यावरील किंवा गालिच्यावरील नक्षीसारख्या होतील. वस्त्र हे येथे अमूर्त चित्राच्या अधःपाताचे नाव आहे. कांट यांनी नक्षीला स्वायत्त सौंदर्याच्या उदाहरणांत स्थान दिले होते. सव्वाशे वर्षांनंतर अमूर्ततेच्या प्रवर्तकाला तीच नक्षी धोक्याची वाटली. याचे कारण उघड आहे. प्रतिरूपाचा त्याग केल्यावर चित्राला आपल्या गांभीर्याची हमी अन्यत्र शोधावी लागली आणि ती त्याने आत्मिक आशयात शोधली. गालिच्याला अशी हमी कधीच लागली नव्हती. कांडिन्स्की १९२२मध्ये बाउहाउसमध्ये अध्यापक म्हणून आले. त्याच इमारतीत त्याच वर्षी अॅनी विद्यार्थिनी म्हणून आल्या आणि लवकरच मागावर बसल्या.

'अमूर्त' ही संज्ञा चित्राला ज्या अर्थाने लागू पडते त्या अर्थाने वस्त्राला लागू पडते काय, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. चित्रातील अमूर्तता हा एक त्याग आहे. काही शतके जे करीत आलो ते यापुढे न करण्याचा निर्णय आहे. साध्या विणीच्या वस्त्राने कशाचाच त्याग केलेला नाही. त्यात प्रतिरूप नव्हतेच, मग ते वगळले असे कसे म्हणावे?

आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीविषयीही हेच म्हणता येते. रोझलिंड क्राउस यांनी १९७९च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आधुनिक चित्रातील जाळीचे विश्लेषण केले. ही जाळी निसर्गाकडे पाठ फिरवते, कथनाला आणि साहित्याला चित्राबाहेर ठेवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चित्रापुरते ते ग्राह्य आहे. मागावर मात्र जाळी ही भूमिका नसून पूर्वअट असते. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यांतून एकाखालून, एकावरून आडवा नेलेला धागा म्हणजे बाणा. हे दोन एकमेकांना काटकोनात छेदल्याशिवाय कापड अस्तित्वातच येत नाही. चित्रकार जाळी निवडतो म्हणून ती विधान ठरते. विणकर ती निवडत नाही, ती मान्य करून तिच्या आत निर्णय घेतो. छंदाच्या बंधनाशी मुक्तछंद लिहिणाऱ्याचा संबंध आणि ओवी रचणाराचा संबंध यांत जसा फरक आहे, काहीसा तसाच हा फरक आहे.

म्हणून जाळी मोडण्याचा अर्थही दोन माध्यमांत एक नसतो. मुंबईच्या विणकर मोनिका कोरिया (जन्म १९३८) यांच्या कामाचा दाखला येथे उपयुक्त आहे. ताण्याचे धागे समान अंतरावर राखणारी आणि प्रत्येक आडवा धागा ठोकून बसवणारी जी फणी मागावर असते, ती त्या विणकाम चालू असतानाच काढून टाकतात. मग ताण्याचे उभे धागे सरळ न राहता डावी-उजवीकडे वाहू लागतात. दिसायला ही लाटेसारखी रेषा आहे आणि चित्रकार ती कुंचल्याने क्षणात काढील. पण येथे ती रेषा म्हणजे ज्यावर सर्व वीण उभी आहे त्या शिस्तीचाच एक भाग सैल सोडणे होय. कापड टिकण्याचा संभव आणि विस्कटण्याचा संभव दोन्ही तिच्यात आहेत. चित्रात मोडलेली जाळी ही मोडण्याची प्रतिमा असते. वस्त्रात ती मोडण्याची क्रिया असते.

४

याचा अर्थ असा नव्हे की दोन कलांत तुलना संभवतच नाही. तुलना दिसण्याच्या पातळीवरून कृतीच्या पातळीवर नेली, तर आल्बर्स दांपत्याच्या कामात खरेच नाते आढळते, आणि हे नाते दालनात सहज नजरेत भरणाऱ्या साम्याहून निराळे आहे.

पहिला मुद्दा रंगाचा. योसेफ आपल्या चौरसांसाठी रंग सहसा मिसळत नसत. नळीतून काढलेला रंग सुरीने ते मेसोनाइटच्या फळीवर पसरत, आतल्या चौरसापासून बाहेर जात, आणि कोणत्या उत्पादकाचा कोणता रंग वापरला याची नोंद फळीच्या मागे करून ठेवत. रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला भासतो, हे १९६३च्या 'इंटरॅक्शन ऑफ कलर' या ग्रंथातील त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. मागावर रंग मिसळणे मुळात अशक्यच असते. तांबड्या ताण्यातून निळा बाणा गेला तरी तांबडा तांबडाच राहतो आणि निळा निळाच. जांभळेपणाचा भास होतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात. चित्रकाराने स्वतःवर घालून घेतलेले बंधन विणकराला माध्यमानेच घातलेले असते. मर्ढेकरांनी लयीची म्हणून सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे योसेफ यांच्या चौरसांना चपखल लागू पडतात, कारण तेथे संबंध केवळ संवेदनांचे आहेत. वस्त्रात त्याखेरीज आणखी एक संबंध असतो, तो प्रत्यक्ष ताणाचा. दोन धागे एकमेकांना केवळ शोभत नाहीत, ते एकमेकांना धरून ठेवतात. संवेदनांच्या संबंधांवर उभारलेल्या सौंदर्यशास्त्रात या धरून ठेवण्याला जागा कोठे आहे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा मागील बाजूचा. बाण्याचा धागा जेथे वर दिसत नाही तेथे तो नाहीसा झालेला नसतो. तो ताण्याखाली असतो. दोन थरांच्या विणीत तर वरच्या थरातील रंग आणि खालच्या थरातील रंग जागांची अदलाबदल करतात, त्यामुळे पुढच्या बाजूला जे अनुपस्थित ते मागच्या बाजूला उपस्थित असते. भिंतीवर लावलेल्या वस्त्राची ही बाजू प्रेक्षकाला दिसत नाही आणि स्पर्शाला तर मनाईच असते. अॅनी यांनी पदविकेसाठी बेर्नाऊ येथील कामगार संघटनेच्या शाळेच्या सभागृहाकरिता जे भिंतीचे कापड सिद्ध केले, त्याच्या पुढील अंगास प्रकाश परावर्तित करणारा सेलोफेन होता आणि मागील अंगास आवाज शोषून घेणारा मऊ लोकरट धागा होता. त्या कापडाचा अर्धा गुण ऐकण्याचा आहे. काचेच्या पेटीतील नमुना पाहून तो कसा कळावा?

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. अॅनी यांनी स्वतःच आपल्या काही कृतींना 'चित्रात्म विणी' म्हटले, त्या चौकटीत बसवल्या, भिंतीसाठी केल्या. मग त्या चित्राप्रमाणे पाहिल्या गेल्या तर तक्रार कशाची? याचे उत्तर त्या कृतींच्या घडणीतच सापडते. पेरूच्या प्राचीन विणकरांना गुरू मानून त्यांनी आपला १९६५चा 'ऑन वीव्हिंग' हा ग्रंथ अर्पण केला होता. अँडीज पर्वतातील त्या संस्कृतीत वर्णलिपी नव्हती आणि वस्त्रे तेथे अर्थवहन करीत, याचे त्यांना विशेष आकर्षण होते. 'एन्शंट रायटिंग' (१९३६) किंवा 'ओपन लेटर' (१९५८) ही शीर्षके त्याच दिशेने निर्देश करतात. नाझी संहारात बळी गेलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ केलेल्या 'सिक्स प्रेअर्स'मध्ये सहा उभ्या पट्ट्यांवर काळे, पांढरे धागे लिपीच्या ओळींसारखे वळत जातात. कोठे चंदेरी धागा चमकतो. ते अक्षर नाही, पण ओळ आहे. त्याकडे चित्र म्हणून पाहिले तर पृष्ठावरील सुंदर वळणे दिसतात. विणकाम म्हणून पाहिले तर लक्षात येते की ही 'लिपी' कापडावर लिहिलेली नसून कापडाबरोबरच, ओळीमागून ओळ, तयार झालेली आहे. चौकटीमुळे विणकाम चित्रासमोर ठेवता येते. त्याचे चित्र होत नाही.

तिसरा मुद्दा काळाचा आहे. लेसिंग यांनी १७६६मध्ये 'लाओकोऑन'मध्ये चित्र ही अवकाशाची आणि काव्य ही काळाची कला अशी विभागणी केली. पुढील बहुतेक चर्चा तिच्या बाजूने किंवा विरोधात झाली. वस्त्र या विभागणीत नीट बसत नाही. पूर्ण झाल्यावर ते चित्रासारखे एकवार दिसते, पण घडताना ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आडव्या ओळीमागून आडवी ओळ असेच वाढते. विणून झालेला भाग मागावरील रुळाभोवती गुंडाळला जातो, त्यामुळे मोठे वस्त्र विणणाऱ्याला पूर्ण कृती मागावरून उतरेपर्यंत दिसत नाही. चित्रकार दोन पावले मागे सरून पाहतो आणि कोणत्याही कोपऱ्यात परत जातो. विणकराला मागे जायचे तर उसवावे लागते. या दृष्टीने विणकर चित्रकारापेक्षा लेखकाच्या अधिक जवळ आहे, आणि आपल्या 'वीण' या रूपकाला काही आधार असेल तर तो येथे आहे.

५

आतापर्यंत ज्या विणकामाचा विचार केला त्यात कल्पना करणारी व्यक्ती आणि मागावर बसणारी व्यक्ती एकच होती. पण बाउहाउसच्या इतिहासातही हे नेहमी खरे नव्हते. अॅनी यांनी १९२६मध्ये केलेले काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांतील भिंतीवस्त्र १९६५मध्ये त्यांच्या पूर्वीच्या सहकारी गुंटा श्टोल्त्स्ल यांच्या हातून पुन्हा विणले गेले. चित्राच्या बाबतीत असे झाले तर त्याला आपण प्रतिकृती म्हणू. नेल्सन गुडमन यांच्या परिभाषेत, ज्या कलांत बनावट कृतीचा प्रश्न उद्भवतो अशा कला एका बाजूला आणि संगीत-साहित्यासारख्या, आलेखावरून पुन्हा सिद्ध होऊ शकणाऱ्या कला दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर वस्त्राची जागा दुसऱ्या बाजूकडे झुकते. मग कर्ता कोण, आलेख करणारा की विणणारा?

आपल्याकडे हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. १९५०च्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे निघाली आणि आधुनिक चित्रकारांना हातमागासाठी रचना करण्याचे काम मिळाले. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ मुंबईच्या केंद्रात होते; अंबादास यांनीही तेथे काम केले. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) १९६१मध्ये केंद्रात दाखल झाले, प्रारंभी वाराणसीस आणि नंतर मुंबईस, आणि सुमारे दोन दशके त्यांनी ही नोकरी केली. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात २०१९मध्ये त्यांचे सिंहावलोकन झाले, तेव्हा चित्रांबरोबर हा कालखंडही अभ्यासकांपुढे आला. बरवे यांच्या १९९०च्या मराठी पुस्तकाचे नाव 'कोरा कॅनव्हास' असे आहे. ग्रंथकर्त्याला अभिप्रेत अर्थ रिकाम्या अवकाशाचा आहे. पण मराठीत 'कोरे' हे विशेषण कापडालाही लागते. कोरे कापड म्हणजे मागावरून आलेले, पाणी न लागलेले. कॅनव्हास कोरा असतो तेव्हाही तो कोणीतरी विणलेला असतो. चित्रकलेच्या इतिहासाने हे विणकाम अस्तराच्या थराखाली झाकून टाकले आहे. योसेफ आल्बर्स कापडाऐवजी फळीवर रंगवत. तरी त्यांनी मुख्यतः वापरलेल्या फळीच्या खरबरीत बाजूवर तारेच्या जाळीचा ठसा असतोच.

विणकर सेवा केंद्रातील सहकार्य फलदायी होते, यात शंका नाही. तथापि त्यातील श्रमविभागणी स्पष्ट होती. रचना कागदावर होई आणि तिच्याखाली चित्रकाराचे नाव येई. ती रचना मागावर उतरवताना धाग्याची जाडी, ठोकण्याचा जोर, रंगाची छटा आणि वळणाच्या पायऱ्या यांविषयी जे असंख्य निर्णय घ्यावे लागतात ते विणकर घेई, आणि त्याचे नाव बहुधा कोठेच येत नसे. रोलाँ बार्थ यांनी संहितेला विणलेले वस्त्र म्हटले आणि कर्ता त्या विणीत, जाळ्यात विरघळणाऱ्या कोळ्यासारखा, नाहीसा होतो असे मांडले. लेखकाच्या मृत्यूची घोषणा त्याला आधी लेखकपद मिळालेले असल्यामुळेच शक्य झाली. ज्याला कर्तेपण कधी मिळालेच नाही त्या विणकराच्या बाबतीत अनामिकता ही सैद्धांतिक मुक्ती ठरत नाही. ती केवळ नोंदीतील रिकामी जागा असते. वस्त्राचे रूपक समीक्षेने उचलले, पण रूपकातील कारागीर मागेच राहिला.

६

या विवेचनातून सहप्रदर्शनांकडून काही अपेक्षा निष्पन्न होतात. वस्त्र दोन्ही बाजूंनी दिसेल असे टांगता येते. मागावरील अपुरे काम, ताण्याची मांडणी, उसवलेला तुकडा यांना दालनात जागा देता येते. रचना एकाची आणि वीण दुसऱ्याची असेल तेथे दोन नावे लिहिता येतात. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही. त्यासाठी चित्र हेच प्रमाण मानण्याची सवय मात्र सोडावी लागते. पॅरिसच्या प्रदर्शनाने दोन व्यक्तींना समान मानले. दोन माध्यमांना समान मानण्याचे काम शिल्लक आहे.

समीक्षेपुरते बोलायचे तर 'घट्ट वीण' हा शब्दप्रयोग आपण आजवर केवळ एकात्मतेचा वाचक म्हणून वापरला. प्रत्यक्ष विणीपासून त्याला अधिक काटेकोर अर्थ देता येईल. संहितेत वर दिसणारा धागा खाली कोठे जातो, कोणते बंधन लेखकाने निवडले आणि कोणते त्याला भाषेने घातले, कोणता निर्णय घेतल्यावर उसवल्याशिवाय परत फिरता येत नव्हते, हे प्रश्न विचारले गेले तरच 'वीण' ही संज्ञा विश्लेषणाच्या उपयोगाची ठरेल. तोवर ती प्रशंसेचा एक शब्द एवढीच राहील.